पत्ता बदलतो, राखण ढळू नये



भाड्याच्या घरातील बिऱ्हाड हलले की मागाहून आलेले पत्र नव्या भाडेकरूच्या हाती पडते. पत्रात नुसती खुशाली असेल तर बिघडत नाही. परंतु त्या पत्त्यावर घराची किल्लीच पाठविली असेल तर? इंटरनेटची जोडणी घेतलेल्या अनेक घरांपुढे आज नेमका हाच प्रश्न आहे.

इंटरनेटवरील जोडणी आयपी पत्ता नावाच्या क्रमांकाने ओळखली जाते. १९८१ साली निश्चित झालेल्या चौथ्या आवृत्तीच्या रचनेत असे सुमारे ४२९ कोटी क्रमांक होतात. त्या काळी हा साठा अमाप वाटला. प्रत्यक्षात जागतिक मध्यवर्ती साठ्यातील अखेरचे वाटप ३ फेब्रुवारी २०११ रोजी झाले. म्हणून सेवा पुरविणाऱ्या कंपन्या घरगुती ग्राहकास सहसा कायमचा पत्ता देत नाहीत. तो तात्पुरता देतात. वीज गेली, राऊटर बंद पडून पुन्हा सुरू झाला किंवा कंपनीने फेरबदल केला, की पत्ता बदलू शकतो.

समजा, शहरात नोकरी करणाऱ्या एका शिक्षकाने गावी वृद्ध आईवडिलांच्या घरी कॅमेरा बसविला. गावच्या राऊटरमधील फायरवॉलला, म्हणजे दारावरच्या पहारेकऱ्याला, त्याने आज्ञा दिली की शहरातील आपल्या घरच्या क्रमांकावरून येणाऱ्यासच आत सोडावे. काही दिवसांनी शहरातील तो क्रमांक बदलला. शिक्षकाला कॅमेरा दिसेनासा झाला. ही गैरसोय झाली. खरा धोका पुढेच आहे. तोच क्रमांक आता दुसऱ्या अनोळखी ग्राहकाकडे गेला आहे आणि पहारेकरी त्याला घरचा माणूस समजून वाट मोकळी करून देत आहे. मग त्या अनोळखी माणसात आणि कॅमेऱ्यात केवळ कॅमेऱ्याचा पासवर्ड उरतो.

यातून एकच धडा घ्यावयाचा. पत्ता म्हणजे ओळख नव्हे. जे बदलणारे आहे त्याच्यावर विश्वासाची भिस्त ठेवू नये.

उपाय अवघड नाहीत. प्रथम घरातील व्यवस्था पाहावी. राऊटर घरातील प्रत्येक उपकरणास स्वतंत्र अंतर्गत क्रमांक देतो. बहुधा तो १९२.१६८ ने सुरू होतो. तोही बदलू शकतो. यासाठी कॅमेरा, छपाईयंत्र इत्यादींचे क्रमांक राऊटरमध्ये राखून ठेवावेत. हे आरक्षण उपकरणाच्या मॅक क्रमांकावर होते. मात्र २०१९-२० पासून अनेक मोबाईल फोन खाजगीपणासाठी वेगवेगळ्या जाळ्यांवर वेगवेगळा मॅक क्रमांक दाखवितात, हे ध्यानी असावे.

दुसरा उपाय बाहेरच्या पत्त्याचा. डायनॅमिक डीएनएस या सेवेत घराला एक नाव मिळते आणि पत्ता बदलताच राऊटर त्या नावापुढे नवा क्रमांक नोंदवितो. फायरवॉलच्या नियमात क्रमांकाऐवजी हे नाव घालता येते. परंतु काही फायरवॉल नियम लागू होताना एकदाच नावाचा क्रमांक शोधतात आणि पुढे जुन्यालाच धरून बसतात. आपली फायरवॉल तो ठराविक वेळाने पुन्हा तपासते की नाही, याची खात्री करावी.

राऊटरवर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे असे समजावे. अशा घरी बाहेरून थेट पोहोचता येत नाही. तेव्हा कंपनीकडून स्थिर पत्ता घ्यावा किंवा सहाव्या आवृत्तीचा पत्ता वापरावा. सहाव्या आवृत्तीत प्रत्येक उपकरणास स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. म्हणून तेथे फायरवॉल चालू असणे अधिकच अगत्याचे ठरते.

तिसरा आणि सर्वांत भरवशाचा उपाय व्हीपीएनचा. वायरगार्डसारख्या व्यवस्थेत येणाऱ्याची ओळख पत्त्यावरून नव्हे, तर गुप्त किल्लीवरून पटते. पत्ता दहा वेळा बदलला तरी किल्ली तीच राहते आणि कॅमेऱ्यासाठी बाहेर वेगळे दार उघडे ठेवावे लागत नाही.

२०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेतून ऑप्टिकल फायबर ग्रामपंचायतींपर्यंत नेण्याचे कार्य हाती घेण्यात आले. शाळा व पंचायत कार्यालयांतही आता राऊटर आले आहेत. तेथे एक साधी वही ठेवावी. फायरवॉलमध्ये कोणती सवलत, कोणासाठी, कोणत्या तारखेला दिली, हे तीत लिहावे. दर तीन महिन्यांनी ती वही उघडून, ज्या सवलतीचे कारण सांगता येत नाही ती काढून टाकावी. दप्तराची ही शिस्त कार्यालयांना नवी नाही. ती आता दाराच्या राखणीलाही लावावयाची आहे.