टायरांचा हिशेब

मराठी गृहिणी नारळ घेताना तो कानाशी धरून हलवते, आंबा हुंगून पाहते आणि भांडे वाजवल्याखेरीज विकत घेत नाही. तिचे यजमान मात्र मोटारीचे टायर घ्यावयास गेले म्हणजे एकच प्रश्न विचारतात : ‘यांतला स्वस्त कोणता?’ त्यांचा तरी काय दोष? दुकानात छतापर्यंत रचलेली ती काळी वर्तुळे सारखीच दिसतात. वस्तुतः प्रत्येक टायरच्या कडेवर त्याची जन्मपत्रिका कोरलेली असते. ती वाचणारा विरळा.

इंदुरास स्थायिक झालेले एखादे मराठी कुटुंब घ्यावे. पती-पत्नी, दोन मुले, आजी आणि दारात काही वर्षे वापरलेली सेडान मोटार. गणपतीला कोल्हापूरवरून आंबा घाट उतरून रत्नागिरीकडे जावयाचे आहे आणि पंक्चर काढणाऱ्याने पुढच्या दोन टायरांकडे पाहून मान हलवली आहे. खाचांच्या तळाशी ठिकठिकाणी रबराचे लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीस आला म्हणजे खोली अवघी १.६ मिलिमीटर उरली, टायर निकालात निघाला. पावसात घाट गाठावयाचा असेल तर तिथवर थांबूच नये. ३ मिलिमीटर उरली असतानाच टायर बदलावा. रस्त्यावरचे पाणी बाजूला सारण्याचे काम या खाचाच करतात. त्या उथळ झाल्या की वेगात असलेले चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागते. मोटारीचा सारा भार चार चाकांखाली ज्या जागेवर टेकतो, ती दर चाकामागे तळहाताएवढीच असते!

आता जन्मपत्रिका. ‘१८५/६५ आर १५’ म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या शेकडा ६५, बांधणी रेडियल आणि रिमचा व्यास १५ इंच. पुढील ‘८८ एच’चा अर्थ, ५६० किलो भार आणि ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. आजींना घेऊन त्या वेगाने कोणी जाणार नाही. परंतु मोटारीच्या कारखान्याने सांगितल्याहून कमी भाराचा टायर फुकट मिळाला तरी घेऊ नये. शिवाय एका लंबगोलात चार आकडे असतात. ‘२३२४’ असेल तर टायरचा जन्म २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. घसघशीत सवलत पुढे आली की आधी हे आकडे पाहावेत, कारण रबर गोदामात पडल्यापडल्याही म्हातारे होते.

किमतीचा हिशेब किलोमीटरवर करावा. समजा, ४,५०० रुपयांचा टायर ४५,००० किलोमीटर टिकला आणि ३,५०० रुपयांचा २५,००० टिकला. तर महागाचा खर्च किलोमीटरमागे १० पैसे, स्वस्ताचा १४ पैसे. मात्र नुसत्या टिकाऊपणावरही भाळू नये. कडक रबर पुष्कळ टिकते, पण ओल्या रस्त्यावर त्याची पकड बहुधा कमी भरते.

चारही टायर एकदम घेणे पुष्कळांना परवडत नाही. दोनच घ्यावेत, यात कमीपणा काही नाही. पण ते बसवावयाचे कोठे? बहुतेक सेडानांत इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना असते, म्हणून पुढचे टायर लवकर झिजतात आणि नवे तेथेच बसवले जातात. येथेच चूक होते. नवी जोडी मागे बसवावी आणि मागची बऱ्या अवस्थेतली जोडी पुढे आणावी. ओल्या वळणावर पुढची चाके निसटली तर मोटार सरळ जाऊ पाहते. वेग कमी केला की बहुधा सावरते. मागची निसटली तर मोटार स्वतःभोवतीच फिरते, आणि तिला सावरणे सामान्य चालकाच्या हातचे नसते. दुकानदार हसेल, ‘साहेब, सगळे पुढेच बसवतात,’ म्हणेल. म्हणू द्यावे. एका आसावरचे दोन्ही टायर मात्र एकाच जातीचे असावेत.

रस्त्याकडेला टकले टायर तापल्या हत्याराने कोरून पुन्हा खाचा पाडून विकतात. त्यात नवे रबर चढत नाही. होते तेही कमी होते. तेथे पै देऊ नये.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या नव्या टायरांवरील वस्तू व सेवा कर शेकडा २८ वरून १८ वर आला. वाचलेले पैसे चाकांचे अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घेण्यात घालावेत. चाक तिरके असेल तर उत्तम टायरही एका कडेने झिजतो. नायट्रोजन भरण्याचा आग्रह झाला तर नम्रपणे नाही म्हणावे. साध्या हवेतही शेकडा ७८ भाग नायट्रोजनच असतो, आणि तो फुकट मिळतो. दाब मात्र चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर दिलेला, टायर थंड असताना पाहून भरावा.

निघण्यापूर्वी सामानाखाली दडलेली स्टेपनी बाहेर काढावी. तिच्यावरचे ते चार आकडे कोणी वाचलेले नसतात आणि हवा तर हमखास गेलेली असते.