सर्व्हिस आईची, रिटर्न लेकीचा

मी वडगाव निंबाळकरहून बोलतेय. आजचा विषय बचतीचा नाही, शेळ्यांचा नाही आणि रक्तातल्या लोहाचाही नाही. आज टेबल टेनिस. हसू नका. गटाच्या बैठकीत मी हे नाव काढलं तेव्हा बायका अशाच हसल्या होत्या, आणि त्यातल्याच चौघी आता संध्याकाळी बॅट घेऊन माझ्या पडवीत येतात.

हा विषय माझ्याकडं आला लेकीमुळं. आठवीपर्यंत पोरी शाळेत खेळतात. नववीला लागल्या की क्लास, घरचं पाणी, धाकट्या भावंडाचं बघणं. त्यात "संध्याकाळी कुठं निघालीस?" हा प्रश्न. पोरांना खेळायला जोडीदार मिळतो, पोरीला मिळत नाही. रोज बारामतीला न्यायचं म्हटलं तर एसटीची वेळ आणि माझी धारेची वेळ एकच. तेव्हा मी विचार केला, जोडीदारच हवा आहे ना, मग मीच होते. वय अडतीस. हातात कधी बॅट धरलेली नाही, पण भाकऱ्या थापलेलं मनगट होतं.

तालुक्याच्या शालेय स्पर्धेत मी लेकीचा सामना बघायला गेले होते. मला नियम कळत नव्हते, म्हणून मी ओंजळभर चिंचोके घेऊन बसले. पोरगी कुठं गुण घालवते ते मोजायचं ठरवलं. चेंडू चार-पाच वेळा इकडून तिकडं गेला आणि मग गुण गेला, तर चिंचोका डावीकडं. समोरचीची पहिलीच सर्व्हिस परत करताना गेला, तर उजवीकडं. पोरगी 11-5 अशी हरली. अकरापैकी सात चिंचोके उजवीकडं होते. म्हणजे खेळ वाईट नव्हता, खेळ सुरूच होत नव्हता. सर्व्हिस आली की चेंडू जाळीत.

सर्व्हिस आणि तिचं उत्तर, या दोनच गोष्टी आज सांगते. बाकीचा खेळ पोरी आपापल्या शिकतात.

आधी नियम, कारण गावाकडच्या पोरींचे गुण नियमावर फार जातात. चेंडू मुठीत किंवा बोटांच्या चिमटीत धरायचा नाही, उघड्या तळहातावर ठेवायचा आणि क्षणभर स्थिर ठेवायचा. मग तो सरळ वर उडवायचा, निदान 16 सेंटिमीटर. आपल्या वितीपेक्षा थोडं कमी, म्हणून वीतभर उडवा म्हणजे शंका नको. खाली येताना मारायचा, वर जाताना नाही. चेंडू टेबलाच्या पातळीच्या वर आणि आपल्या शेवटच्या कडेच्या मागं असायला हवा, आणि समोरचीला तो सतत दिसायला हवा. उडवला की मोकळा हात मधून काढून घ्यायचा. पूर्वी खेळाडू हाताआड, अंगाआड चेंडू लपवून मारायचे. 2002 साली ते बंद झालं. पहिला टप्पा आपल्या बाजूला, दुसरा पलीकडं. जाळीला चाटून नीट पलीकडं पडला तर सर्व्हिस पुन्हा करायची. एकदा वर उडवल्यावर मारायचा चुकला तर मात्र गुण गेला. आणि समोरून सर्व्हिस आली तेव्हा आपली तयारी नसेल, तर चेंडूला बॅट लावायला जायचंच नाही, हात वर करायचा. आपल्या पोरी भिडेपोटी कसाबसा मारायला जातात आणि हक्काची संधी घालवतात.

कॉलेजात खेळलेल्या एखादीला 21 गुणांचा डाव आणि पाच-पाच सर्व्हिस आठवत असतील. 2001 पासून डाव 11 गुणांचा आहे आणि सर्व्हिस दोन-दोन. 10-10 झालं की एकेकीला एकच. म्हणजे आता एक सर्व्हिस वाया घालवणं पूर्वीपेक्षा महाग पडतं.

आता हात. बॅट मुठीत आवळून धरली की मनगट मरतं. सर्व्हिस करताना बॅटीची पाती अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात धरा, बाकीची बोटं सैल सोडा. सुपानं धान्य पाखडताना जो झटका देता, तोच झटका इथं लागतो. खांद्याचं काम नाही. मला हे कळायला वेळ लागला नाही, लेकीला लागला, कारण तिनं सूप कधी हातात घेतलेलं नाही.

सर्व्हिसचा जीव फिरकीत असतो. सगळ्यात उपयोगी ती खालची फिरकी. तव्यावरच्या भाकरीखाली उलथनं सारतो ना, तशी बॅट चेंडूच्या पोटाखालून पुढं सारायची. चेंडूला ठोकायचं नाही, चाटून जायचं. जमलं की नाही हे बघायला टेबलसुद्धा लागत नाही. घरातल्या फरशीवर उभ्या राहा, चेंडू वर उडवा, खालून चाटून पुढं सोडा. चेंडू पुढं पडून, थबकून, तुमच्याकडं मागं यायला लागला म्हणजे फिरकी बसली. पहिल्या दिवशी माझा चेंडू सरळ कपाटाखाली गेला. आठव्या दिवशी मागं वळला, तेव्हा सासूबाईसुद्धा "पुन्हा कर बघू" म्हणाल्या.

वरची फिरकी उलटी. बॅट चेंडूच्या मागून वर घासत न्यायची. असा चेंडू टप्पा पडल्यावर पुढं झेपावतो, खालच्या फिरकीचा टप्प्यावर मंदावतो. तिसरी बाजूची फिरकी, पण ती पहिल्या महिन्यात नको.

चेंडू कुठं पडतो ते आपल्या बाजूच्या पहिल्या टप्प्यावर ठरतं, आणि हे कुणी सांगितल्याशिवाय ध्यानात येत नाही. आखूड सर्व्हिस हवी असेल तर पहिला टप्पा जाळीजवळ टाका. लांब हवी असेल तर आपल्या कडेजवळ टाका. चांगली आखूड सर्व्हिस म्हणजे समोरचीनं हात लावला नाही तर तिच्या बाजूला दोन टप्पे पडतील अशी. तिला टेबलाच्या वर हात घालून मारावं लागतं, पूर्ण ताकदीनं झोडता येत नाही. आणि चेंडू फार उंचावरून मारू नका. तो खाली येऊन जवळजवळ जाळीच्या उंचीला आला की मारा, म्हणजे पलीकडं तो बसका जातो. उंच उडालेली सर्व्हिस म्हणजे समोरचीला वाढलेलं ताट.

आता उत्तर देणं. इथं लक्षात ठेवा, चेंडूकडं बघून उशीर होतो. समोरचीची बॅट बघायची, आणि तीही नेमकी चेंडूला लागते त्या क्षणी. आधी आणि नंतर ती हात कितीही नाचवील, ते फसवायला असतं. बॅट खाली जाताना लागली तर खालची फिरकी, वर जाताना लागली तर वरची. खालच्या फिरकीचा चेंडू आपल्या बॅटीला लागून खाली, जाळीत जातो. आमचे सात चिंचोके ते हेच. म्हणून बॅटीचं तोंड जरा आभाळाकडं उघडायचं आणि चेंडूच्या खालून हळूच पुढं ढकलायचं. वरच्या फिरकीचा चेंडू आपल्या बॅटीवरून उडून टेबलाबाहेर जातो. तिथं बॅटीचं तोंड जमिनीकडं झुकवायचं आणि चेंडू दाबून धरायचा. बाजूच्या फिरकीला एक साधी खूण आहे. समोरचीची बॅट ज्या बाजूकडून आली, त्या बाजूला नेम धरायचा. चेंडू आपोआप दुसऱ्या बाजूला सरकतो आणि टेबलावर राहतो. चेंडूवर कंपनीचा ठसा असतो. तो उडताना वाचता येण्याइतका स्पष्ट दिसला तर फिरकी नाही, पुसट झाला तर भरपूर आहे.

उभं राहायचं ते पाय फाकवून, गुडघे वाकवून, भार चवड्यांवर, टेबलापासून हातभर मागं. विळीवर बसल्यासारखं टेबलाला चिकटायचं नाही. आखूड चेंडू आला तर उजवा पाय टेबलाखाली पुढं घालायचा, नुसता हात लांबवायचा नाही. साडीवर जमतं का? पदर खोचून जमतं, पण पाय टाकायला पंजाबी ड्रेस बरा. चप्पल घालून मात्र खेळू नका, पाय मुरगळतो.

आमचा सराव असा होता. रोज वीस मिनिटं, पन्नास चेंडू. आई सर्व्हिस करणार, लेक परत करणार. पहिला महिना फक्त खालची फिरकी. दहापैकी आठ चेंडू टेबलावर पडेपर्यंत पुढं जायचं नाही, आणि जोरात मारायचंही नाही, नुसता परत टाकायचा, शक्यतो समोरच्या कडेजवळ. दुसऱ्या महिन्यात वरची फिरकी. मग दोन्ही मिसळून, न सांगता. चिंचोके तेच. शेजारच्या एका बाईंनी विचारलं, "तुझं हे वय आहे का?" मी म्हटलं, वय माझं आहे, खेळ तिचा आहे.

टेबल नसलं तर? प्लायवूडची एक शीट आठ बाय चार फुटांची मिळते. खरं टेबल नऊ बाय पाच फुटांचं, जमिनीपासून अडीच फूट उंच. दोन्ही बाजूंनी फूट-फूट कमी पडतं, पण सर्व्हिस आणि रिटर्न शिकायला पुरतं. उंचीसाठी दोन बाकडी, मधे दोरीवर सहा इंच रुंदीची जुन्या साडीची पट्टी. जाळीची खरी उंचीही तेवढीच. पंखा बंद ठेवा. चेंडूचं वजन 2.7 ग्रॅम, उसाच्या फडावरून आलेली झुळूकसुद्धा त्याला नेते. चेंडू चेपला आणि फुटला नसेल तर गरम पाण्यात टाका, आतली हवा फुगून तो गोल होतो. पूर्वीचे चेंडू सेल्युलॉइडचे असायचे आणि चटकन पेट घ्यायचे. 2014 पासून मोठ्या स्पर्धांत प्लास्टिकचे आले. घरात जुना चेंडू सापडला तर चुलीपासून लांब ठेवा.

हा खेळ शहरातल्या मोठ्या घरांचा, असं आपल्याला वाटतं. 2018 साली ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. तिथं भारताच्या महिला संघानं सिंगापूरला हरवून सुवर्णपदक घेतलं. त्या संघात पुण्याची पूजा सहस्रबुद्धे होती आणि ठाण्याची मधुरिका पाटकर होती. अंतिम सामन्यात मणिका बत्रानं तेव्हा जगात चौथ्या असलेल्या फेंग तियानवेईला 3-2 नं हरवलं. मणिकाच्या बॅटीच्या एका बाजूला लांब दाण्यांचं रबर आहे. त्यावर समोरचीची फिरकी उलटून तिच्याकडंच परत जाते, म्हणजे तिची अर्धी ताकद रिटर्नमध्येच. मधुरिका आपली एकेरी हरली. लगेच पुढची दुहेरी होती. ती मौमा दासबरोबर टेबलाशी उभी राहिली आणि जिंकली. हरल्यावर पाच-दहा मिनिटांत पुन्हा चेंडू तळहातावर ठेवायचा, वीतभर उडवायचा. मला त्या पदकापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते.

दुसरी भाविना पटेल. गुजरातमधल्या मेहसाणा जिल्ह्यातल्या सुंढिया गावची. लहानपणी पोलिओ झाला. 2021 मध्ये टोकियोच्या पॅरालिम्पिकमध्ये तिनं रौप्यपदक मिळवलं, टेबल टेनिसमधलं भारताचं पहिलं. चाकाच्या खुर्चीवरच्या एकेरीत एक वेगळा नियम आहे. टप्पा पडून सर्व्हिस टेबलाच्या बाजूच्या कडेवरून बाहेर गेली तर ती धरत नाहीत, पुन्हा करावी लागते. तुमच्या वस्तीत पायानं अधू पोरगी असेल तर हा खेळ तिचाही आहे, तिला फक्त बघायला बसवू नका.

आता तुम्ही विचाराल, याचा उपयोग काय. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला नियमात बसलं तर खेळाचे गुणही मिळतात. पण मी लेकीला तेवढ्यासाठी खेळवलं नाही, आणि तुम्हीही त्याच आशेवर सुरू करू नका. तिथवर फार थोड्या पोचतात. मला एवढंच हवं होतं की नववीत तिचं खेळणं थांबू नये. पुढच्या वर्षी ती तिसऱ्या फेरीत हरली. मी चिंचोके घेऊन गेलेच होते. तिन्ही सामने मिळून उजवीकडं फक्त चार पडले.

आता ती अकरावीला आहे आणि तिची सर्व्हिस मला परत करता येत नाही. मी बॅट बघते, खालची फिरकी म्हणून तोंड उघडते, आणि तिनं फिरकी दिलेलीच नसते, चेंडू माझ्याकडून उंच उडतो. हाताची हालचाल तीच ठेवून कधी फिरकी द्यायची, कधी नाही, हे तिचं तिनंच शोधलं. माझे चिंचोके आता माझ्याच गुणांसाठी लागतात.

पुढच्या वेळी दुहेरीबद्दल सांगीन. तोवर एवढंच, की दुहेरीत सर्व्हिस उजव्या अर्ध्यातून समोरच्या उजव्या अर्ध्यात तिरकी जायला हवी आणि जोडीनं आळीपाळीनं मारायचं असतं. बुधवारी साडेपाचनंतर पडवीत आम्ही असतो. बॅटी दोनच आहेत, तेव्हा पाळी लावावी लागते. येताना एखादा चेंडू आणा, आमचे दोन उसात गेलेत.