विणीच्या हंगामातला कडा



आपली वसंत व्याख्यानमाला ज्या दिवसांत भरते, त्याच दिवसांत इंग्लंडात यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर, बेम्प्टनच्या कड्यांवर, समुद्रपक्ष्यांची वीण भरात येत असते. खडूच्या दगडाचे हे पांढरेशुभ्र कडे काही ठिकाणी शंभर मीटरहून उंच आहेत. मार्च ते ऑक्टोबर या काळात तिथे सुमारे पाच लाख पक्षी वस्तीला असतात. गॅनेट, किटीवेक, गिलेमॉट, रेझरबिल, पफिन. यांतल्या बहुतेकांचं बाकीचं आयुष्य भर समुद्रात जातं. जमिनीचा आधार ते घेतात तो अंडी घालण्यापुरता. म्हणजे आपल्याला ते जवळून दिसण्याचा काळ आणि त्यांच्या दृष्टीने सर्वांत जोखमीचा काळ एकच. आजचा विषय या पेचातूनच निघतो.

गिलेमॉटचंच बघा. हा पक्षी घरटं बांधत नाही. कड्यातल्या अरुंद, उघड्या पायरीवर मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि नर-मादी आळीपाळीने, महिनाभर, ते पायांवर घेऊन पोटाशी धरून उबवतात. शेजारी अंगाला अंग लावून दुसरं जोडपं, त्यापलीकडे तिसरं. अंड्यांचे रंगही किती! निळसर, हिरवट, पांढरी, त्यांवर तपकिरी-काळ्या रेघोट्या आणि शिंतोडे. एवढ्या दाटीत जोडपं आपलं अंडं ओळखतं ते यावरूनच. अंडं एका टोकाला चांगलंच निमुळतं असतं. या आकारामुळे ते उतरत्या खडकावर स्थिर राहतं, हे टिम बर्कहेड या शास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांनी दाखवलं. मात्र ही सगळी व्यवस्था पक्षी सावकाश उठेल हे धरून आहे. तो दचकून झेपावला, की पायांवरचं अंडं लाथेसरशी कड्याखाली जातं. वाचलं तर जवळच टपलेला कुरव ते उचलतो.

गिलेमॉट तडकाफडकी उडत नाहीत. आधी माना ताठ होतात. मग एकाचं डोकं खाली-वर हलू लागतं, त्याचं पाहून शेजाऱ्याचं, आणि बघता बघता सगळी रांग माना हलवू लागते. अनेकांना वाटतं पक्षी नाचताहेत, आणि ते कॅमेरा घेऊन आणखी दोन पावलं पुढे सरकतात. मागे सरकायची वेळ नेमकी तीच असते. पफिनचंही तसंच. चोचीत मासे धरून तो कड्यापाशी नुसत्याच घिरट्या घालत असेल, तर आपण त्याच्या बिळाच्या वाटेत उभे आहोत. आत पिल्लू भुकेलं आहे.

या कड्यांनी फार वाईट दिवस पाहिले आहेत. १८६० च्या दशकात ब्रिडलिंग्टनहून हौशी शिकाऱ्यांच्या बोटी निघत आणि कड्याखालून घरट्यांवरच्या पक्ष्यांवर बंदुका चालत. किटीवेकचे पंख बायकांच्या टोप्यांवर मिरवत. १८६८ मध्ये नॉर्विचला ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ आल्फ्रेड न्यूटन यांनी या हत्येविरुद्ध आवाज उठवला. विणीत एक पक्षी मारला की मागे पिल्लूही उपाशी मरतं, हा त्यांचा मुद्दा होता. पुढच्याच वर्षी समुद्रपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला आणि १ एप्रिल ते १ ऑगस्ट शिकार बंद झाली. मला या कायद्याचं मोठेपण वाटतं ते त्यातल्या तारखांत. पक्ष्याच्या पंचांगाप्रमाणे माणसाने आपला हात आवरावा, हे त्यात मान्य झालं. अंड्यांना मात्र त्यात संरक्षण नव्हतं. दोरावरून कड्यात उतरून अंडी काढणारे बेम्प्टनचे 'क्लिमर' १९५४ पर्यंत ते काम करत राहिले. दुर्मिळ रंगाच्या अंड्याला संग्राहक चांगली किंमत मोजत.

आज तिथे बंदुका नाहीत. कठडे आहेत, आखलेल्या पायवाटा आहेत, आणि तिथून दुर्बिणीने मनसोक्त पाहता येतं. पण इजा करायला बंदूकच लागते असं नाही. २०२१ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या बोल्सा चिका अभयारण्यात एक ड्रोन विणीच्या जागेत कोसळला. सुरय पक्ष्यांनी सगळी वसाहत सोडली आणि दीड ते दोन हजार अंडी वाळूत तशीच राहिली. ड्रोन उडवणाऱ्याला कुणाला मारायचं नव्हतं.

आता आपल्या कोकणाकडे येऊ. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रात 'वेंगुर्ला रॉक्स' नावाची खडकाळ बेटं आहेत. तिथल्या पक्ष्यांबद्दल ए. ओ. ह्यूम यांनी, काँग्रेसच्या संस्थापकांपैकी जे त्यांनीच, १८७६ मध्ये लिहिलं आहे. हुमायून अब्दुलअली यांचा तिथल्या सुरयांवरचा आणि पाकोळ्यांवरचा लेख १९४२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. गुहांत पाकोळ्या लाळेची घरटी करतात. त्या घरट्यांचं परदेशात सूप होतं, म्हणून त्यांची चोरटी तोड चाले. ती उघडकीस आणून थांबवायला चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने मोठी धडपड केली.

चोराला आपण सहज नावं ठेवतो. पण १९७२ चा आपला वन्यजीव संरक्षण कायदा उघडून पाहा. 'शिकार' कशाला म्हणायचं, हे सांगताना त्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही धरलं आहे. मला वाटतं, कॅमेरा घेऊन फिरणाऱ्या प्रत्येकाने ते कलम एकदा वाचावं. घरटं नीट दिसावं म्हणून आडवी फांदी तोडणं, पक्षी उडताना टिपावा म्हणून टाळ्या वाजवणं, मोबाइलवर त्याचा आवाज लावणं, समुद्री गरुडाच्या घरट्याचा नेमका ठावठिकाणा फोटोसोबत जाहीर करणं, यांतलं काही निरुपद्रवी नाही.

आपल्यापैकी कुणी मालवण-वेंगुर्ल्याकडे होडी ठरवणार असतील, तर भाव ठरवतानाच होडीवाल्या दादांना सांगा: वीण चालू असेल तर बेटावर उतरायचं नाही, खडकाजवळ भोंगा-गाणी नकोत, आणि पाण्यावर पक्ष्यांचा थवा बसला असेल तर त्यातून होडी न काढता वळसा घाला. ते ऐकतात. 'अजून जवळ घ्या' असा आग्रह बहुतेक वेळा होडीत बसलेल्यांचाच असतो.