बॅगपाइपचं अभिजात संगीत

संचलनात वाजणारा बॅगपाइप आपल्या सैन्यानं इंग्रजी राजवटीनंतरही जपला.

पण संचलनाच्या धुना म्हणजे या वाद्याची छोटी बाजू. स्कॉटलंडमधलं त्याचं अभिजात संगीत म्हणजे पीब्रॉक. यात आधी संथ मूळ धून वाजते, मग तिचे विस्तार अधिकाधिक गुंतागुंतीचे होत जातात आणि शेवटी वादक पुन्हा मूळ धुनेवर येतो. विलंबित ख्यालात रमणाऱ्याला हे संगीत जवळचं वाटेल.

या वाद्याला स्वर फक्त नऊ. पिशवीतली हवा अखंड वाहते, त्यामुळे मध्ये थांबता येत नाही, आवाज लहानमोठाही करता येत नाही. एकच स्वर दोनदा वाजवायचा, तर मध्ये दुसऱ्या स्वराचा निसटता कण घ्यावा लागतो. वादकाची खरी परीक्षा इथेच. सोबत तीन नळ्या तानपुऱ्यासारखा आधारस्वर धरून असतात.

स्काय बेटावरच्या मॅक्क्रिमन घराण्यानं ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. गुरू धून गाऊन शिकवत, ‘हिहारिन्’, ‘हिओदिन्’ अशा बोलांत, आणि शिष्य ती पाठ करत.

शिकायचं असेल, तर आधी पिशवी नको. सरावाच्या साध्या नळीवर कित्येक महिने बोटं तयार करा, पाइप त्यानंतरच हाती घ्या.