वाड्यापर्यंतची तार : ग्रामीण ब्रॉडबँडचे नियोजन
(पंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामस्थ यांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



१९६१ साली गोवा मुक्त झाल्यानंतर खेड्यापाड्यांत एकेक सोय येत गेली. प्राथमिक शाळा आली, रस्ता आला, विजेचे खांब उभे राहिले, नळ आला आणि पुढे टेलिफोनही आला. या प्रत्येक सोयीच्या बाबतीत जुन्या मंडळींचा एक अनुभव सारखाच आहे. सोय गावात आली अशी सरकारदरबारी नोंद झाली, तेव्हा ती बहुधा मुख्य वाड्यावर आलेली असे. ओहोळापलीकडच्या किंवा डोंगराच्या कुशीतील वाड्याला आणखी काही वर्षे वाट पाहावी लागे. आज ब्रॉडबँड इंटरनेटच्या रूपाने आणखी एक सोय खेड्यांच्या उंबरठ्यावर उभी आहे. तिच्या नियोजनात हाच अनुभव पुन्हा येऊ द्यावयाचा की नाही, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

ब्रॉडबँड म्हणजे काय, हे प्रथम पाहिले पाहिजे. माहितीची देवाणघेवाण किती वेगाने झाली असता तिला ब्रॉडबँड म्हणावे, याची शासकीय व्याख्या काळानुसार बदलत आली आहे. २००४ सालच्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट हा किमान वेग धरला होता. २०१३ साली तो ५१२ किलोबिट झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आला. म्हणजे एकोणीस वर्षांत किमान अपेक्षा सुमारे आठपट वाढली. यावरून नियोजनकर्त्याने एक बोध घ्यावयास हवा. आज पुरेल एवढीच सोय केली, तर ती उद्या अपुरी पडणार आहे.

हा वाढता भार वाहून नेण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे ऑप्टिकल फायबर, अर्थात प्रकाशतंतू. केसाएवढ्या बारीक काचेच्या तंतूतून प्रकाशाचे स्पंद धावतात आणि आतल्या आत परावर्तित होत दूरवर जातात. तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या यंत्रातून निघालेला एक तंतू वाटेत एका लहानशा उपकरणाने अनेक शाखांत विभागता येतो आणि साधारणपणे वीस किलोमीटरपर्यंतच्या ठिकाणांना सेवा देऊ शकतो. या विभाजनासाठी वाटेत कोठेही वीज लागत नाही. वीज लागते ती केवळ दोन्ही टोकांना. विरळ वस्तीच्या आणि वीज वारंवार खंडित होणाऱ्या भागाला ही गोष्ट फार सोयीची आहे.

आता कोणी विचारील की, खेड्याला एवढ्या वेगाची निकड खरोखर आहे काय? याचे उत्तर २०२० साली मिळाले. साथीमुळे शाळा बंद झाल्या, वर्ग मोबाईलवर भरू लागले आणि सांगे, सत्तरी, काणकोण या तालुक्यांतील दुर्गम वाड्यांवरची मुले नेटवर्कच्या शोधात डोंगर चढू लागली. भर पावसाळ्यात, सापाकिरड्यांची भीती असलेल्या रानात, दगडावर बसून मुलांनी धडे ऐकले. त्यांच्याच वयाची शहरातील मुले तोच धडा घरात बसून ऐकत होती. अभ्यासक्रम एक होता, परीक्षाही एकच होती. अंतर पडले ते वाड्याच्या ठिकाणामुळे.

साथ सरली आणि शाळा उघडल्या. तथापि प्रश्न सरला नाही. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, निरनिराळे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, वीजबिलांचा भरणा ही कामे आता संगणकावरून होतात. स्वस्त धान्याच्या दुकानातील यंत्रही बोटाचा ठसा जुळविण्यासाठी नेटवर्कवर अवलंबून असते. या व्यवस्थेने ज्यांच्या घरी जोडणी आहे त्यांचा हेलपाटा वाचविला. ज्यांच्याकडे ती नाही, त्यांना मात्र पूर्वी जो अर्ज कागदावर लिहून पंचायतीत देता येत असे, तोच भरण्यासाठी बसभाडे खर्चून शहर गाठावे लागते. शासनाचा कारभार जसजसा तारेवर चढतो, तसतसा तारेबाहेरचा वाडा पूर्वीपेक्षाही दूर पडत जातो. ब्रॉडबँडच्या नियोजनात विलंब परवडत नाही, त्याचे कारण हे आहे.

खेड्यासाठी दूरसंचाराचे नियोजन कसे करावे, याचे एक उत्तम उदाहरण शेजारच्याच बेळगाव जिल्ह्यात घडले आहे. एके काळी टेलिफोनची मोठी केंद्रे वातानुकूलित इमारतीवाचून चालत नसत. धूळ, उकाडा आणि विजेची अनियमितता त्यांना सोसत नसे. त्यामुळे खेडी टेलिफोनपासून वंचित राहिली. १९८४ साली केंद्र शासनाने सी-डॉट ही संशोधनसंस्था स्थापन केली. सॅम पित्रोदा यांच्या प्रेरणेने तेथील तरुण अभियंत्यांनी १२८ जोडण्यांचे एक लहान ग्रामीण स्वयंचलित केंद्र तयार केले. त्याला वातानुकूलनाची गरज नव्हती. असे पहिले केंद्र जुलै १९८६ मध्ये राणी चन्नम्मांच्या कित्तूर गावी सुरू झाले. पुढे त्याच धर्तीची केंद्रे देशभर उभी राहिली. कित्तूरच्या यशाचे मर्म असे की, तेथे गावाची परिस्थिती आधी पाहिली आणि यंत्र त्या परिस्थितीला साजेसे घडविले.

ब्रॉडबँडच्या बाबतीत देशाला हा धडा नव्याने गिरवावा लागला. २५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती प्रकाशतंतूने जोडण्याच्या योजनेस मान्यता दिली. तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून घेतल्या जाणाऱ्या सेवा-निधीतून तिचा खर्च करण्याचे ठरले. डिसेंबर २०१७ पर्यंत पहिल्या टप्प्यात सुमारे एक लाख ग्रामपंचायती जोडल्या गेल्या. काम प्रचंड होते, यात शंका नाही. परंतु पहिल्या आखणीत दोन उणिवा राहिल्या होत्या.

पहिली उणीव मार्गाच्या आखणीत होती. तार तालुक्यापासून एकेका पंचायतीकडे झाडाच्या फांद्यांप्रमाणे पसरत गेली. फांदी एका ठिकाणी तुटली की तिच्या पुढची सारी पाने सुकावीत, तसे घडू लागले. रस्ता रुंद करताना किंवा जलवाहिनी टाकताना कुदळ लागली की पलीकडच्या पंचायती बंद पडत. दुसरी उणीव अशी की, तार पंचायतीच्या कार्यालयापर्यंत आली, पण तेथून घराघरांत, शाळेत आणि दवाखान्यात ती कोणी न्यावी, बिघडल्यास कोणी पाहावे आणि विजेचे काय, याची पुरेशी तजवीज नव्हती.

४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र शासनाने सुधारित भारतनेट कार्यक्रमास मान्यता दिली, तेव्हा या दोन्ही उणिवा लक्षात घेण्यात आल्या. १,३९,५७९ कोटी रुपयांच्या या कार्यक्रमात २.६४ लाख ग्रामपंचायती वर्तुळाकार मार्गाने जोडावयाच्या आहेत. वर्तुळ एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहते. देखभालीची दहा वर्षांची तरतूद त्यात आहे. घरोघरी जोडणी देण्याच्या कामी स्थानिक उद्योजकांना सहभागी करून घेण्याचीही योजना आहे. ग्रामस्थांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आणखी एक तरतूद त्यात आहे. पंचायतीचे मुख्य ठिकाण सोडून उरलेली जी सुमारे ३.८ लाख गावे आहेत, त्यांना जोडणी मागणीनुसार मिळावयाची आहे. जेथून मागणीच आली नाही, तेथे तार आपणहून येईल अशी अपेक्षा करता येणार नाही.

आता गोव्याकडे वळू. या राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर असून त्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. तालुके व पंचायती यांना जोडणारे गोवा ब्रॉडबँड नेटवर्क हे राज्याचे स्वतःचे जाळेही काही वर्षांपूर्वीच उभे राहिले. त्यामुळे मुख्य वाहिन्यांचा प्रश्न मोठ्या राज्यांइतका बिकट नाही. कस लागतो तो अखेरच्या दोन-चार किलोमीटरांत. सह्याद्रीच्या पायथ्याच्या तालुक्यांत वाडे एकमेकांपासून दूर, कुळागरांच्या आणि रानाच्या आड वसलेले आहेत. जमिनीत जांभ्या दगडाचा कातळ आहे. वर्षाला सुमारे ३०० सेंटिमीटर, आणि घाटालगत त्याहूनही अधिक, पाऊस कोसळतो. त्यातच बराचसा भाग अभयारण्यांचा असल्याने खोदकामास वनखात्याची अनुमती लागते.

अशा प्रदेशात एकच उपाय सर्वत्र लागू पडणार नाही. भारतनेटमध्ये तार पुरण्यासाठी १.६५ मीटर खोल चर हे प्रमाण धरले गेले. मऊ मातीत ते ठीक. कातळात तेवढ्याच खोदाईचा खर्च व वेळ कितीतरी वाढतो. तेथे विजेच्या खांबांवरून तार नेता येते. ५ जून २०२३ रोजी सुरू झालेल्या केरळच्या के-फोन प्रकल्पाने तेथील वीजमंडळाच्या खांबांचा असाच उपयोग केला आणि सुमारे ३० हजार शासकीय कार्यालये व संस्था जोडण्याचे उद्दिष्ट ठेवले. खांबावरची तार स्वस्त व झटपट पडते, मात्र वादळात फांदी कोसळली की तुटते. म्हणून पावसाळ्यापूर्वी फांद्या छाटण्याची जबाबदारी आधीच ठरली पाहिजे. जेथे खांबही नाहीत, पण शाळेच्या छपरावरून समोरचा वाडा दिसतो, तेथे बिनतारी दुव्याने काम भागते. अगदीच आडबाजूला उपग्रहाचा मार्ग आहे. तो महाग आहे आणि मुसळधार पावसात त्याचा वेग मंदावतो. कोणत्या वाड्याला कोणता मार्ग, हे तालुक्याच्या नकाशावर रेघ मारून ठरविता येत नाही. ते वाड्यावर जाऊनच ठरवावे लागते.

यास्तव नियोजनाचा आरंभ वाड्यापासून व्हावा. प्रत्येक पंचायतीने आपल्या वाड्यांची यादी करावी. कोठे किती घरे आहेत, शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र व धान्याचे दुकान कोठे आहे, विजेचा खांब कोठपर्यंत गेला आहे, याची नोंद त्यात असावी. ती यादी ग्रामसभेत वाचली जावी आणि जोडणीची मागणी ठरावाच्या रूपाने वर पाठविली जावी. सरकारी फायलीत तोंडी तक्रारीला जागा नसते, ठरावाला असते.

शिक्षकांचे साहाय्य येथे अमोल ठरेल. कोणत्या विद्यार्थ्याच्या घरी नेटवर्क मिळते, कोणाला ते अंगणात येऊन मिळते आणि कोणाला मुळीच मिळत नाही, हे वर्गशिक्षकाला अर्ध्या तासात विचारता येते. एका वर्गाच्या हजेरीपटाशेजारी अशी टिपणे केली, तर पुष्कळ महागड्या सर्वेक्षणांपेक्षा ती अधिक खरी ठरतील. अमुक गाव जोडले गेले, असे अहवालात म्हटले असेल आणि वर्गातील निम्मी मुले तसे म्हणत नसतील, तर अहवाल पुन्हा तपासला पाहिजे.

अधिकारीवर्गाकडून तीन गोष्टींची अपेक्षा आहे. पहिली, खात्याखात्यांतील मेळ. सार्वजनिक बांधकाम, वीज आणि पाणीपुरवठा यांची कामे एकमेकांना न कळविता सुरू होतात आणि बहुतेक तारा त्यातच तुटतात. खोदण्यापूर्वी भूमिगत वाहिन्यांच्या मालकांना कळविण्यासाठी २२ मार्च २०२३ रोजी केंद्र शासनाने ‘कॉल बिफोर यू डिग’ ही सुविधा सुरू केली. कंत्राटदाराच्या कार्यादेशातच तिचा उल्लेख असावा. दुसरी, विजेची सोय. पंचायतीतील उपकरणाला बॅटरीचा आणि शक्य तेथे सौर ऊर्जेचा आधार नसेल, तर वीज जाताच ब्रॉडबँडही जाते, आणि वादळात तर संपर्काची गरज सर्वाधिक असते. तिसरी, मोजमाप. किती किलोमीटर तार पडली, एवढाच आकडा पुरेसा नाही. गेल्या महिन्यात जोडणी किती तास चालली आणि किती घरांनी ती वापरली, हे आकडे दरमहा पंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत.

ग्रामस्थांचीही काही कर्तव्ये आहेत. तार आपल्या कुंपणाजवळून जाणार असेल, तर विनाकारण हरकत घेऊ नये. हरकत रास्त असेल तर ती काम सुरू होण्यापूर्वी मांडावी. खांबावरील तार ओढून परस्पर जोडणी घेऊ नये. गावातील दोघा-चौघा तरुणांनी तार जोडण्याचे व उपकरणे दुरुस्त करण्याचे शिक्षण घेतले, तर बिघाडासाठी तालुक्याहून माणूस येण्याची वाट पाहावी लागणार नाही आणि त्यांना गावातच रोजगार मिळेल. घरातील वडीलधाऱ्यांना, विशेषतः स्त्रियांना, या साधनाचा वापर शिकविणे हेही तरुणांचेच काम आहे. तसेच गुप्त क्रमांक कोणालाही सांगू नये, ही सावधगिरी त्या शिक्षणाचा पहिला धडा असावा.

खेड्यात रस्ता आला, तेव्हा आधी बैलगाडी गेली आणि मग बस आली. पहिल्याच दिवशी त्याचे सारे उपयोग कोणाच्या ध्यानी आले नव्हते. ब्रॉडबँडचेही तसेच होईल. बागायतदार त्यावरून सुपारी-काजूचा भाव पाहील, रुग्ण दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेईल, विद्यार्थी ग्रंथालयाचे दार उघडील. हे उपयोग गावकरी आपणच शोधून काढतील. शासनाचे आणि पंचायतींचे काम आहे ते तार शेवटच्या वाड्यापर्यंत नेऊन ती चालू ठेवण्याचे. २०२० साली धड्यासाठी डोंगर चढलेल्या मुलांपैकी कित्येक आज मतदार झाले आहेत. त्यांच्या धाकट्या भावंडांना त्याच डोंगरावर पुन्हा जावे लागू नये, एवढे ध्येय डोळ्यांपुढे ठेवून येत्या ग्रामसभेत प्रत्येक वाड्याचे नाव यादीत घातले जावे, ही सर्वांना विनंती आहे.