बोअर घेण्याआधी
(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, ‘तू नक्की शिकलीस तरी काय?’ प्रश्न रास्त आहे. बी.एस्सी.ला मी भूगर्भशास्त्र घेतलं तेव्हा घरच्यांनाही वाटलं होतं की पोरीने भूगोल घेतला. वर्गात आम्ही दोनच मुली होतो. गावात आजही माझी ओळख ‘दगडांची डिग्री घेतलेली’ अशीच आहे आणि मला ती आवडते.

आज हे सांगायला एक निमित्तही आहे. आपल्या बॅचने शाळेला 300 फुटांचा बोअर घेऊन द्यायचं ठरवलं आहे. वर्गणी जमली, गाडीवाल्याशी बोलणंही झालं. तेव्हा मी काय शिकले ते या बोअरच्या अंगानेच सांगते.

शेवटच्या वर्षाला आम्हाला तीन विषय होते : भूभौतिकी, भूरसायन आणि भूजल. पहिला विचारतो, जमिनीखाली काय आहे? दुसरा विचारतो, खडकात मुरलेल्या पाण्यात काय काय उतरलं आहे? तिसरा विचारतो, पाणी किती आहे आणि दरवर्षी त्यात किती भर पडते? परीक्षेला तिन्ही पेपर वेगळे. शेतात उभं राहिलं की मात्र तिन्ही प्रश्न एकदमच सोडवावे लागतात.

आधी आपला खडक. माणदेशाखाली आहे तो बेसाल्ट, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या थरांचा. विहीर खणणाऱ्यांना हे थर पुस्तकाशिवाय पाठ असतात : वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, मधेच एखादा गेरूचा तांबडा पट्टा. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरे, चकाकणारे झिओलाइटचे खडे तयार झाले. विहिरीच्या ढिगाऱ्यावरून आपण खिसे भरून आणायचो, तेच हे. पोकळी खड्याने भरली की पाण्याला जागा उरत नाही. आपल्याकडचं पाणी राहतं ते कुजलेल्या खडकात आणि भेगांत. म्हणून एका बांधाला दोन इंच पाणी लागतं आणि पलीकडच्या बांधाला नुसता धुरळा उडतो.

मग खाली न उतरता भेगा शोधायच्या कशा? भूभौतिकीच्या प्रॅक्टिकलला आम्ही एका ओळीत चार लोखंडी खुंट्या ठोकायचो. बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत वीज सोडायची आणि आतल्या दोन खुंट्यांमध्ये दाब मोजायचा. बाहेरच्या खुंट्या लांब लांब नेल्या की वीज आणखी खोलवरून फिरून येते. कोरडा, अखंड पाषाण विजेला जोरात अडवतो. पाण्याने भिजलेला कुजका खडक तिला सहज जाऊ देतो. फ्रान्समध्ये कॉनराड श्लुम्बर्जे यांनी 1912 च्या सुमारास सुरू केलेली ही पद्धत आजही आपल्या शिवारांत वापरली जाते.

पण यातही एक गोम आहे. ओली चिकणमाती आणि खारं पाणी हेही विजेला सहज वाट देतात. यंत्राचा आकडा कमी आला म्हणजे खाली गोडं पाणी आहे, असं होत नाही. शेजारच्या विहिरीचा थर बघितल्याशिवाय आणि पाण्याची बाटली प्रयोगशाळेत पाठवल्याशिवाय आमचे सर आलेखावर सही करत नसत.

त्या बाटलीचा विषय म्हणजे भूरसायन. पाणी ज्या खडकातून जातं त्याचा अंश बरोबर घेतं, आणि जितका काळ आत राहील तितका जास्त. अकोला-बुलढाण्याकडच्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे; तिथे बोअरला पाणी भरपूर लागूनही ते तोंडात धरवत नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड आहे. चवीला काही कळत नाही, पण मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि वर्षानुवर्षं प्यायलं तर हाडं आखडतात. भारतीय मानकात फ्लोराइडची मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर 1.5. नायट्रेटची मर्यादा 45. नायट्रेट बहुतेक वेळा आपणच खाली पाठवतो, खतांतून, उकिरड्यातून आणि शोषखड्ड्यातून. शाळेच्या शौचालयांचा शोषखड्डा बोअरच्या ठरलेल्या जागेपासून किती पावलांवर आहे, ते आज जेवणानंतर जरूर मोजून बघा.

आता भूजलाचा हिशोब. समजा, 100 हेक्टर शिवारात पावसाळ्यानंतर विहिरींची पातळी 4 मीटरने चढली. खडकाच्या शंभर भागांतून पाणी देणारे भाग दोनच धरले, तर साठा वाढला 80 हजार घनमीटरने, म्हणजे 8 कोटी लिटरने. माणशी रोज 55 लिटर धरलं तर 2,000 वस्तीच्या गावाला वर्षाला साधारण 4 कोटी लिटर लागतं. म्हणजे सबंध गाव पिऊन-वापरून निम्मं पाणी उरतं. हेच पाणी पाटाने उसाला दिलं तर जेमतेम 4 हेक्टर ऊस होतो. बोअर खोल गेला म्हणून हा आकडा वाढत नाही. शेजारच्या विहिरीचं पाणी तेवढं आपल्याकडे येतं, आणि आपल्या बोअरशेजारी तर पंचायतीची पिण्याच्या पाण्याची विहीर आहे. अशा सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर कायद्याचं बंधन आहे, ते उगीच नाही.

मित्रांनो, शाळेला पाणी हवंच. मार्चनंतर मुलं घरून बाटल्या आणतात आणि दुपारपर्यंत त्या संपतात, हे मुख्याध्यापकांनी आत्ताच सांगितलं. म्हणून गाडी बोलावण्याआधी माझं एवढं ऐका. शाळेच्या मागचा जुना आड अजून आहे. त्याचा गाळ काढू. शाळेच्या छपराचं क्षेत्रफळ 500 चौरस मीटर धरा. आपल्याकडे वर्षाला 500 मिलिमीटर पाऊस पडला, तरी त्यातून 2 लाख लिटर पाणी मिळतं. ते गाळून आधी टाकीत आणि जास्तीचं आडात सोडू. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा आडाचं पाणी तपासून घेऊ. खुंट्या आणि यंत्र मी घेऊन येते. दोन दिवसांत पाहणी होईल. मग सगळे आकडे समोर ठेवून, पंचायतीला विचारून, बोअरचं ठरवू. तेव्हाही बोअर लागणारच असेल, तर पहिली पावती माझ्या नावाची फाडा.

आणि विज्ञानाच्या बाईंना एक विनंती. दर महिन्याच्या एक तारखेला नववीच्या दोन मुलांनी टेपने आडाची पातळी मोजावी आणि वहीत लिहावी. खर्च एका टेपचा आणि एका वहीचा. भूजल सर्वेक्षण यंत्रणाही निरीक्षण विहिरींवर असंच मोजमाप ठेवते. त्यावरूनच कुठे पाणी खोल चाललं आहे ते कळतं. पाच वर्षांची अशी वही आपल्या गावात कोणाकडेच नाही. ती आपल्या शाळेत असावी.

दहा मिनिटं संपली. जेवणाआधी ज्यांना आड बघायचा आहे, त्यांनी माझ्याबरोबर यावं. टेप पर्समध्ये आहे.