धावत्या गाडीचे छायाचित्र

(मंडळाच्या मासिक व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर ज्ञानेश्वरीपासून अर्थसंकल्पापर्यंत अनेक विषयांवर अधिकारी व्यक्तींनी भाषणे केली आहेत. त्या पंक्तीत मोटारींच्या शर्यतीचे फोटो काढण्याचा विषय घेऊन उभे राहताना आम्हांला संकोच वाटतो. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. हयात फायलींवर शेरे लिहिण्यात गेली. यंत्राचे ज्ञान यत्किंचित. परंतु ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर आम्ही तीन वेळा प्रेक्षक म्हणून जाऊन आलो, २०११, २०१२ आणि २०२३ साली. आणि तिथे ज्या चुका केल्या त्या मंडळाच्या तरुण सभासदांनी पुन्हा करू नयेत, एवढाच आमचा अधिकार.

छायाचित्रणाचा नाद आम्हांला वडिलांकडून लागला. अण्णा केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले तेव्हा त्यांच्याजवळ आग्फा क्लिक थ्री होता. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी तो असेल. एका रोलवर बारा चौकोनी चित्रे उमटत आणि शटरचा वेग बदलण्याची सोयच नव्हती. ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राची जुन्या मोटारींची फेरी दिल्लीत १९६४ पासून निघू लागली. ती पाहायला अण्णा आम्हांला खांद्यावर बसवून नेत. गाड्या इतक्या संथ चालत, की क्लिक थ्रीलाही त्या सापडत. बारा चित्रांपैकी दोन गाड्यांची, बाकी दहा माणसांची. तेव्हा आम्हांला ती उधळपट्टी वाटे.

तर ३० ऑक्टोबर २०११ रोजी भारतात पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. हर्मन टिल्के या जर्मन स्थापत्यकाराने आखलेला पाच किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा मार्ग, सोळा वळणे, साठ फेऱ्या, चोवीस गाड्या. चिरंजीव त्या वेळी अकरा वर्षांचे होते. नारायण कार्तिकेयन भारतात गाडी चालवणार, या एका बातमीने त्यांची झोप उडाली होती. आम्ही दोन तिकिटे काढली. आणि तिकिटे काढली म्हणताच दुसरा विचार मनात आला तो लेन्सचा.

इथे थोडे गणित सांगणे भाग आहे. कंटाळू नये. ताशी ३०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ८३ मीटर अंतर तोडते. शटर सेकंदाचा हजारावा भाग उघडे राहिले तरी तेवढ्यात गाडी आठ सेंटिमीटर सरकते. सव्वाशेवा भाग राहिले तर दोन-तृतीयांश मीटर. आता अंतराचे पाहू. प्रेक्षकाला मार्गाच्या कडेला उभे राहता येत नाही. मध्ये मोकळी जागा, मग तारेचे उंच कुंपण, मग आपली बैठक. गाडी शंभर मीटरवर धरली तर कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या साध्या ५५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये सुमारे ४३ मीटर रुंदीचा देखावा येतो आणि पाच मीटरची गाडी त्यात मुंगीसारखी दिसते. ३०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये तीच रुंदी आठ मीटर होते आणि गाडी चित्र भरून टाकते. हे आकडे मध्यम आकाराच्या संवेदकाचे; आमचा निकॉन डी ९० त्या जातीचा. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार तेव्हा ४०० मिलिमीटरची जी तोफ वापरत तिचे वजन चार-पाच किलो आणि किंमत आमच्यासारख्याने विचारू नये अशी.

चांदनी चौकातील कूचा चौधरी ही कॅमेऱ्यांची गल्ली आपणांस ठाऊक असेलच. तिथे चार शनिवार घालवून आम्ही ७०-३०० ची लेन्स घेतली. तिसेक हजार पडले. आज विचाराल तर आम्ही सांगू, प्रथम उसनी किंवा भाड्याने आणावी, दोन दिवस वापरून पाहावी, मगच खिशात हात घालावा. आम्हांला हे सांगणारे कोणी नव्हते असे नाही. सौभाग्यवतींनी सांगितले होते. ते पैसे दिवाळीला वाईला जाण्यासाठी बाजूला ठेवलेले होते. अण्णा निवृत्तीनंतर वाईला परतले आणि तिथेच गेले. आई थोरल्या बंधूंकडे असे. त्या वर्षी दिवाळी २६ ऑक्टोबरला होती आणि शर्यत त्यानंतर चौथ्या दिवशी. दोन्ही जमणे शक्य नव्हते. आम्ही फोनवर आईला म्हटले, यंदा रजा मिळत नाही. रजा मागितलीच नव्हती.

आता पूर्वतयारी. लेन्स विकत मिळते, हात मिळत नाही. धावत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवत नेऊन मध्येच कळ दाबायची, म्हणजे गाडी स्पष्ट येते आणि मागचा देखावा आडव्या रेषांत विरघळतो. यालाच पॅनिंग म्हणतात. शटर फार वेगवान ठेवले तर गाडी जागच्या जागी उभी केल्यासारखी दिसते, चाकेदेखील फिरताना दिसत नाहीत. सुरुवात सेकंदाच्या अडीचशेव्या भागापासून करावी, हात बसला की सव्वाशेव्यावर यावे, आणि धाडस असेल तर साठाव्यावर. जिथे कळ दाबायची त्या दिशेला पावले रोवायची, कोपरे बरगड्यांना टेकवायची, कमरेतून वळून येणारी गाडी लांबूनच पकडायची आणि कळ दाबल्यावरही थांबायचे नाही. फलंदाज चेंडू टोलवल्यावर बॅट तिथेच रोखतो काय? तसेच हे.

सरावासाठी प्रथम आम्ही वसाहतीतील मुलांच्या सायकली धरल्या, नंतर रिंग रोडच्या थांब्यावर बसगाड्या. तिसऱ्या संध्याकाळी एक हवालदार शेजारी येऊन उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, “साहब, किस गाड़ी का चालान काट रहे हो?” त्याला वाटले, आम्ही परिवहन खात्याचे. हा सराव राजधानीत कुठे करावा आणि कुठे करू नये, हे आम्ही सरकारी नोकरांनी सरकारी नोकरांना सांगायला नको.

कुंपणाविषयी दोन शब्द. खालच्या रांगांतून जाळी आड येते आणि कॅमेऱ्याचा स्वयंचलित फोकस हटकून जाळीलाच जाऊन चिकटतो. तेव्हा फोकस हाताने, वळणाच्या कडेच्या रंगीत पट्ट्यावर आधीच लावून ठेवावा आणि लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे ठेवावे. म्हणजे जवळची जाळी धूसर होऊन जवळजवळ नाहीशी होते. त्याहून उत्तम म्हणजे वरच्या रांगेचे तिकीट काढावे. सरळ रस्त्यावरची बैठक महाग असते, परंतु तिथे गाडी आली आणि गेली. वळणावर ती मंदावते, तिरकी होते, चालकाचे शिरस्त्राण दिसते. तिसऱ्या वळणाकडे मार्ग चढत जातो. पुढे एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आणि त्याच्या शेवटी चौथे वळण, जिथे सारे एकदम ब्रेक दाबतात. चित्र तिथे आहे.

आणि धुरके. ऑक्टोबरअखेर दिल्लीची हवा कशी असते हे आपण श्वासागणिक जाणतो. लांब लेन्स जितके अंतर ओलांडते तितके धुरकेही गोळा करते. पहिल्या वर्षी दूरच्या वळणाची आमची सगळी चित्रे ताकात बुडवून काढल्यासारखी आली. जवळची जागा धरावी, हाच उपाय. नव्या मार्गावर धूळही फार होती, तेव्हा तिथे लेन्स बदलण्याच्या फंदात पडू नये. जादा बॅटरी, जादा कार्ड, मऊ फडके, आणि तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेल्या अटी आदल्या रात्री वाचून जाणे. कानांत बोळे हवेतच. त्या काळची इंजिने मिनिटाला अठरा हजार फेरे घेत. तो आवाज छातीत वाजतो.

शर्यतीच्या दिवशी प्रारंभी, त्याच महिन्यात अपघातांत गेलेले डॅन व्हेल्डन आणि मार्को सिमोन्चेली यांच्यासाठी एक मिनिट शांतता पाळली गेली. इतका मोठा जमाव इतका स्तब्ध आम्ही क्वचितच पाहिला आहे. मग पाच लाल दिवे एकेक लागले आणि एकदम विझले, आणि पुढचा दीड तास आमचा डावा डोळा मिटलेला होता. सेबास्टियन फेटेल पहिल्यापासून पुढे होता म्हणतात. सचिन तेंडुलकरने शेवटचा चौकटीचा झेंडा फडकवला म्हणतात. आम्ही काही पाहिले नाही. चिरंजीव शेजारी शाळेची वही उघडून बसले होते आणि दर फेरीला गाड्यांचे क्रमांक लिहीत होते. “बाबा, नारायण सतरावा आहे,” असे त्यांनी दोनदा सांगितल्याचे आठवते. आम्ही हूं म्हटले.

घरी आल्यावर मोजले तर एक हजार चारशे चित्रे. त्यांपैकी बरी एकवीस. कोणती गाडी कोणत्या फेरीतली हे आम्हांला सांगता येईना. वही आणि चित्रांवरच्या वेळा ताडून चिरंजीवांनीच ते लावून दिले. फेरी सुमारे दीड मिनिटाची, त्यामुळे हिशेब जुळला. त्यातली उत्तम सहा चित्रे छापून आम्ही वाईला पाठवली.

आठ दिवसांनी आईचा फोन आला. तिने चित्रे नीट पाहिली होती. एक फारच आवडले होते, त्यात मागचे सगळे पुसले गेले होते, “हा गाडीचा फोटो की वाऱ्याचा रे?” असे तिने विचारले. आणि मग म्हणाली, “नातवाचा एखादा पाठव की. उंच झाला असेल.”

आम्ही एक हजार चारशे चित्रे पुन्हा पहिल्यापासून पाहिली. त्यात त्याचे एकही नव्हते. एका चित्राच्या कोपऱ्यात, चुकून, वहीवर टेकलेला हात आणि पेन्सिल तेवढी आली आहे. म्हटले, येत्या रविवारी काढू. पुढे परीक्षा, मग थंडी, मग आमच्या कार्यालयातली वर्षअखेर. आई फेब्रुवारीत गेली. तिच्या कपाटात सहाही चित्रे औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर नीट ठेवलेली सापडली.

झाक लार्तिग नावाच्या एका फ्रेंच तरुणाची गोष्ट आम्हांला यानंतर वाचायला मिळाली. तोही आपल्यासारखा प्रेक्षकच. फ्रान्सच्या ग्रां प्री शर्यतीत, १९१२ किंवा १९१३ साली, त्याने गाडीबरोबर कॅमेरा फिरवत एक चित्र घेतले. त्या कॅमेऱ्यात शटरची फट काचेवरून उभी सरकत असे. ती सरकेपर्यंत गाडी पुढे गेली, म्हणून चाक अंडाकृती होऊन पुढे झुकले, आणि कॅमेरा फिरत होता म्हणून कडेची माणसे व खांब मागे कलंडले. गाडीही पुरती चौकटीत मावलेली नाही. असे ते बिघडलेले चित्र. १९६३ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात लार्तिगचे प्रदर्शन भरले तेव्हा तो म्हातारा झाला होता. आज वेगाचे चित्र म्हटले की जाणकार हेच पुढे करतात. आम्हांला मात्र त्यात अधिक पाहावीशी वाटतात ती कडेची माणसे.

२०१२ साली आम्ही नैमित्तिक रजा टाकून शुक्रवारीच गेलो. ही आमची सर्वांत उपयुक्त सूचना समजावी. त्या काळी शुक्रवारी सरावाच्या दोन फेऱ्या असत, दीड-दीड तासांच्या. गाड्या त्याच, चालक तेच, गर्दी विरळ. आदल्या वर्षी तर शुक्रवारच्या सरावात एक भटका कुत्रा मार्गावर शिरला आणि सराव थांबवावा लागला. ते चित्र ज्यांना मिळाले ते भाग्यवान. गाड्यांची हौस शुक्रवारी फेडून घ्यावी. रविवारी आम्ही ५० मिलिमीटरची एकच लहान लेन्स घेऊन गेलो आणि ठरवले, अण्णांच्या रोलप्रमाणे बाराच चित्रे. फेटेलच पुन्हा जिंकला. या खेपेस आम्ही ते पाहिले.

२०१३ ची शर्यत बदलीमुळे हुकली आणि त्यानंतर फॉर्म्युला वन इथे आलीच नाही. उत्तर प्रदेश सरकारने हा खेळ नव्हे, करमणूक आहे असे ठरवून करमणूक कर लावला. पुढे आयकराचा वाद २०१७ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. या विषयावर बोलण्यास आम्हांला सेवानियम आड येतात. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच मार्गावर मोटारसायकलींची मोटोजीपी शर्यत झाली. उकाडा एवढा, की फेऱ्या चोवीसवरून एकवीसवर आणल्या. चिरंजीव आता पुण्याला नोकरीस असतात; ते तिकिटे काढूनच आले. मोटारसायकल गाडीपेक्षा फार अरुंद आणि वळणावर जवळजवळ आडवी होते, तेव्हा फोकस चाकावर न धरता शिरस्त्राणावर धरावा, हे त्यांनी आम्हांला शिकवले. कॅमेरा त्यांच्या हातात होता. वही आम्ही घेतली. मार्को बेझेक्की जिंकला हे आमच्या अक्षरात लिहिलेले आहे.

बोलणे लांबले. आता कार्यवाहांना विनंती, की दिवे मालवावेत. एकंदर चौदा चित्रे आहेत. पहिले अण्णांचे, जुन्या मोटारींच्या फेरीतले. तिसरे ते वाऱ्याचे. सातव्यात गाडी नाही. २०१२ सालचे चिरंजीव आहेत, वहीत मान घालून बसलेले, आणि मागे जी लाल रेघ दिसेल ती फेरारी आहे असे त्यांचे म्हणणे आहे. मागच्या रांगेतील मंडळींनी कृपया थोडे पुढे यावे. पडदा लहान आहे.